पिठातलं पाऊल

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. लग्नपत्रिकेतली, बसच्या पाटीवरची, दुसऱ्याच्या आमटीतली, कुठलीही. या खोडीपायी मी माणसं दुखावली आहेत आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलेलं नाही. एकदाच असं झालं की चूक ढळढळीत समोर होती, घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी ती गिळली. आईला सांभाळायचं तर एवढं करायलाच हवं, असं मला त्या वेळी वाटलं होतं. ती गोष्ट सांगायची तर आधी डायनासोरच्या सिनेमांचं सांगावं लागतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या सिनेमांचं पेव फुटलं होतं. एक मोठा इंग्रजी सिनेमा हिंदीत डब होऊन तुफान चालला आणि त्याच्या मागोमाग कुठल्या कुठल्या देशांत काढलेले दहा-वीस हलकेसलके आले. मुलांच्या दप्तरांवर डायनासोर, टी-शर्टवर डायनासोर, कंपासपेटीवर डायनासोर. मी वाशीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. उत्क्रांतीच्या धड्याला एरवी जांभया देणारी मुलं आता हात वर करून प्रश्न विचारायची आणि सगळे प्रश्न सिनेमातून आलेले असायचे. त्यांना उत्तरं देता यावीत म्हणून मी पहिला सिनेमा बघितला. पुढचे सगळे बघितले ते माझ्या धाकट्या भावामुळे.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. न्हावा शेवा बंदरात एका एजंटकडे टॅली क्लार्क होता. कंटेनर उघडला की आतली खोकी मोजायची, त्यांच्यावरच्या खुणा कागदाशी ताडून बघायच्या, सीलचा नंबर तोच आहे ना ते बघायचं, फरक असेल तर लिहून ठेवायचं. दिवसभर हेच काम. त्यामुळे आधी एक आणि नंतर दुसरंच असं कुठे दिसलं की त्याची नजर आपोआप तिथे जाऊन थांबायची. रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मला विज्ञानातल्या चुका दिसायच्या, त्याला जुळणीतल्या.

"ताई, शर्ट बघ," तो कुजबुजायचा. "मघाशी उजवी बाही फाटली होती. आता डावी. कंटिन्युटीची पार वाट लागलीय."

एका सिनेमावर आमचा विशेष जीव होता, कारण त्याच्याइतका चुकलेला सिनेमा आम्हाला दुसरा मिळाला नाही. पाच जण ज्वालामुखीच्या पलीकडच्या खोऱ्यात उतरतात आणि तिथे डायनासोर अजून जिवंत असतात, एवढीच गोष्ट. नाव आता आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी तो आमच्याशिवाय कुणी शेवटपर्यंत बघितला असेल असं वाटत नाही. आम्ही थिएटरात दोनदा बघितला आणि पुढे व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून किती वेळा, ते सांगता येत नाही. त्याने बंदरातून एक कोरं, रेघा मारलेलं टॅली बुक आणलं होतं. डावीकडे तो लिहायचा, उजवीकडे मी.

त्याची टिपणं तोकडी असायची. होडीत पाच चढले, वळणानंतर चार, काठाला उतरले पुन्हा पाच. दोरांचा पूल तुटला, परत येताना त्याच पुलावरून आले. सामान सगळं नदीत गेलं, संध्याकाळी चहाला कप कुठून आले? बाईच्या कपाळावरची पट्टी डावीकडून उजवीकडे, तीन वेळा. म्होरक्याच्या घड्याळात अख्ख्या सिनेमाभर दहा वाजून दहा मिनिटं.

माझी टिपणं लांबलचक आणि चिडकी. ज्या दोन जनावरांची झुंज लावली होती त्यांच्यामधला काळ हा त्यांतल्या नंतरच्या जनावरापासून आपल्यापर्यंतच्या काळाहून जास्त होता. शिकारी जनावर शिकारीच्या आधी डरकाळी फोडत होतं. मांजर उंदराला ओरडून सांगून येते का? एक अंडं इतकं प्रचंड होतं की ते फुटू नये म्हणून कवच जेवढं जाड लागेल तेवढ्यातून आतल्या पिल्लाला हवाच मिळाली नसती. लांब मानेचे डायनासोर कुरणात गवत चरत होते. तेव्हा गवत नव्हतं, असं मी ठणकावून लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की डायनासोरच्या शेणाचे जे दगड झालेले आहेत त्यांत गवताचे अंश सापडले, आणि तेही मध्य भारतातच. म्हणजे तिथे मीच चुकले होते. हे सांगून चिडवून घ्यायला तोवर तो नव्हता.

एक चूक मात्र त्याने काढली आणि माझ्या बाजूला लिहायला लावली. "चार दिवस दलदलीत राहिले," तो म्हणाला, "आणि एकालाही डास चावला नाही. इथे आपल्याला गॅलरीत उभं राहून चहा पिता येत नाही." तेव्हा वाशीत जिकडेतिकडे बांधकामं चालली होती, खड्ड्यांत पाणी साचलेलं असायचं आणि संध्याकाळी पाच वाजले की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. मी ते उजव्या पानावर लिहिलं आणि चूक त्याची असल्याचं खाली नमूद केलं.

आमच्यात एक फरक होता. तो कधीकधी सोडून द्यायचा. त्या सिनेमाच्या शेवटी म्हातारा प्रोफेसर मरतो. त्याची टोपी नदीतून वाहत जाताना दाखवतात आणि लगेच पुढच्या दृश्यात टोपी त्याच्या डोक्यावर. मी पेन पुढे केलं तर भाऊ म्हणाला, "हे नको लिहूस."

"का?"

"मेला ना तो. जाऊ दे."

मी त्याच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं.

बाबांना हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. तिथल्याच यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची अनामिका अर्धी गेली होती, आम्ही शाळेत होतो तेव्हाच. निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीकडे पाठ करून, गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. पेपर संपला की पुन्हा पहिल्यापासून. आमचं टिपण चालू असताना ते एकदाच बोलले: "चुकाच काढायच्या तर बघता कशाला?" आई भाजी निवडत अधूनमधून मान वर करायची. डायनासोर माणसाच्या मागे लागला की ती म्हणायची, "भुकेलं असेल बिचारं."

मला सगळ्यात राग आला होता तो पावलाचा. सिनेमाच्या सुरुवातीला पाचही जण चिखलातल्या एका अवाढव्य पावलाभोवती उभे राहतात आणि संगीत वाजतं. एकच पाऊल. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही, डावं नाही, उजवं नाही. जनावर आकाशातून एका पायावर टपकलं आणि तसंच परत उडालं की काय? मी इतकी तणतणले की भाऊ म्हणाला, चल, खरी पावलं कशी असतात ते तरी दाखव. ओहोटीच्या वेळी मी त्याला खाडीवर घेऊन गेले. चिखलात बगळ्यांची, कावळ्यांची पावलं होती. एक मागे, एक पुढे, सरळ माळ लागलेली. पुढे तीन बोटं आणि मागे एक, हे त्याने तिथे पहिल्यांदा नीट बघितलं. दोन पायांवर चालणाऱ्या शिकारी डायनासोरचं मागचं बोट जमिनीला टेकत नसे, म्हणून त्यांचं पाऊल तीनच बोटांचं, असं मी सांगितलं. पक्षी हे त्यांच्याच वंशातले उरलेले, हेही सांगितलं.

"म्हणजे आपल्या गॅलरीत रोज डायनासोर येतात," तो म्हणाला.

घरी आलो तेव्हा आई पोळ्या करत होती. त्याने कणकेच्या गोळ्यात तीन बोटं खुपसली. "हे बघ, आई. डायनासोर."

"मधलं अजून पुढे," मी म्हटलं. "मधलं बोट नेहमी लांब असतं."

त्याने मधलं बोट पुढे सरकवलं. आईने त्याच्या हातावर उलथनं मारलं. बाबा पेपर वाचत होते.

त्या वर्षीच्या श्रावणात त्याला ताप आला. दोन दिवस साधा वाटला. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला आणि त्याला दवाखान्यात नेलं. मलेरिया मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. सातव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. मी त्या वेळी खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते. वर येऊन पिशवी टेबलावर ठेवली आणि मग मला सांगण्यात आलं.

इथून पुढचं मला नीट आठवतं, पण मी त्यात होते असं वाटत नाही. दात काढताना इंजेक्शन देतात तेव्हा आपलाच गाल आपण दाबून बघतो आणि काही कळत नाही, तसं होतं. लोक आले. त्यांना चहा दिला. कप विसळले. साताऱ्याकडच्या गावाहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. तिने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "रड गं बाई, मोकळी हो." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू येतंय का ते बघितलं. आलं नाही. तिच्या लुगड्याला एसटीतल्या डिझेलचा वास येत होता, तेवढा कळला.

तिसऱ्या दिवशी टीव्हीवर ठेवलेली कॅसेट दिसली. त्या पाच जणांचाच सिनेमा. त्याने आजारी पडायच्या आदल्या दिवशी आणला होता आणि बघायचा राहिला होता. मी ती पिशवीत घालून लायब्ररीत परत द्यायला गेले. दुकानदाराला आमचा खेळ माहीत होता. तो हसून म्हणाला, "क्या मॅडम, इस बार कितनी गलती मिली?"

"एक भी नहीं," मी म्हटलं आणि घरी आले.

दहा दिवस मी जवळजवळ बोललेच नाही. हो, नाही, साखर किती, एवढंच. आमच्यासारख्या घरात ही गोष्ट लक्षात येण्याजोगी होती. चुलतकाकांनी तारीख चुकीची सांगितली, शेजारच्या काकूंनी त्याचं वय चोवीस सांगितलं, गुरुजींनी आजोबांच्या जागी पणजोबांचं नाव घेतलं. मला सगळं ऐकू आलं. सुधारावंसं वाटलं नाही. आई माझ्याकडे बघत असायची. मला वाटायचं, मुलगा गेल्यावर आता ती मला डोळ्यांत धरून ठेवतेय.

आईची एकच काळजी होती आणि ती कुणालाही बोलून दाखवायची. तो इतका अचानक गेला, शुद्धीत नसताना गेला. त्याला कळलं तरी का की आपण गेलो? की जीव इथेच कुठेतरी दारात अडकून पडलाय? आत्या म्हणाली, "दहाव्याला बघू. पीठ सांगंल."

ही आमच्याकडची पद्धत. जिथे शेवटी माणसाला ठेवलेलं असतं तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. दहाव्या दिवशी त्या जागी पीठ पसरतात, सारखं करतात आणि वर टोपली पालथी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं. मुंगीची रेघ, पाखराचं पाऊल, गाईचा खूर, जे दिसेल त्या जन्माला जीव गेला असं समजतात. काहीच उमटलं नाही तर जीव अजून घुटमळतोय. एरवी मी या प्रकारावर अर्धा तास बोलले असते. कॉलेजात बोललेही होते. त्या दिवशी आत्याने गव्हाचं पीठ मागितलं, मी डबा काढून दिला. टीव्हीच्या शेजारी, जिथे त्याला आणून ठेवलं होतं तिथे, तिने ते पसरलं आणि वाटीच्या बुडाने सपाट केलं.

आमच्याकडे पाणी पहाटे यायचं आणि ते भरायला बाबा सगळ्यांच्या आधी उठायचे. त्या सकाळीही उठले होते. आम्ही तोंड धुऊन बाहेर आलो तोवर पिंप भरलं होतं आणि बाबा गॅलरीत पाठमोरे उभे होते. आत्याने हात जोडून टोपली उचलली.

पिठाच्या मधोमध पाऊल होतं.

आत्याने तोंडावर पदर धरला. आई खाली बसली, वाकून बघत राहिली, मग तिने मान वर करून मला विचारलं, "तू शिकवतेस ना प्राण्यांचं. कुणाचं आहे हे?"

मी बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी स्पष्ट दिसत होतं, आणि दिसत होत्या त्या चुका. पाऊल एकच होतं. आधी नाही, नंतर नाही, टोपलीच्या कडेपासून तिथवर यायची कसलीही खूण नाही. पीठ सगळीकडे सारखं दाबलेलं होतं, जनावराचा भार पुढे असतो तसा पुढे जास्त नव्हता. नखाची टोकं नव्हती. मागचं बोट नव्हतं. पुढची तीन बोटं होती, आणि त्यांतलं मधलं हवं तेवढं लांब, पुढे सरकवलेलं, अगदी मी सांगितलं होतं तसं. उजवीकडचं बोट अर्धंच होतं. त्याचं टोक गोल, बोथट.

बाबा गॅलरीतून आत आले नव्हते. त्यांचा उजवा हात लेंग्याच्या खिशात होता.

ते पाऊल पाखराचं नव्हतंच. ते डायनासोरचं होतं. टीव्हीकडे पाठ करून, तोच पेपर दोन दोनदा वाचणाऱ्या त्या माणसाने आमचं सगळं ऐकलं होतं. कणकेच्या गोळ्यावरचं भांडणही ऐकलं होतं. आणि आईला धीर द्यायचा तर पाऊल कसं काढायचं, हे त्यांनी आम्हा दोघांकडून शिकून घेतलं होतं.

आई माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर त्या घरात त्या दिवशी काय शिल्लक राहिलं असतं, हे मला कळत होतं. बाबांचं खोटं उघडं पडलं असतं, आत्याच्या देखत. आणि आईचा मुलगा परत दारात अडकला असता.

"पाखराचं," मी म्हटलं.

"सुटला गं माझा बाळ," आत्या म्हणाली. "पाखरू होऊन ग्येला. आता काळजी न्हाई."

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ते मी समाधान समजले. नंतर बाबांनी पीठ गोळा करून कागदात बांधलं आणि खाडीत सोडून आले.

मी कामावर जायला लागले. उत्क्रांतीचा धडा त्या वर्षी मी पुस्तकातून वाचून दाखवला. एका मुलीने विचारलं, मॅडम, तो नवा पिक्चर बघितला का, त्यात ते उडतात. मी म्हटलं, परीक्षेला येणार नाही. पेपर तपासताना स्पेलिंग चुकलेलं दिसायचं आणि मी पूर्ण मार्क द्यायचे. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, बाई मवाळ झाल्या. टॅली बुक मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. आई रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर तांदूळ टाकायची, बाबा शेजारी पणतीत पाणी भरून ठेवायचे. चिमण्या यायच्या, कधी साळुंकी. आई बघत उभी राहायची. मला वाटायचं, बरं झालं आपण तसं बोललो. तेवढा एक बरा विचार मला त्या वर्षात यायचा. त्याच्यापलीकडे मी काही आत येऊ देत नव्हते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. दुपारची वेळ होती, मला सुट्टी होती. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर देठं बाजूला करत होते. बाबा गॅलरीच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत. आई यादी करत होती, काय काय आणायचं. गूळ, तीळ, तांदूळ.

"दळणही टाकून यायला हवं," ती म्हणाली. मग मेथीची जुडी झटकून त्याच आवाजात म्हणाली, "आणि ह्यांना सांग, या वेळी पिठात बोटं घालायला नकोत."

माझे हात थांबले.

"तुला माहीत होतं?"

"तीस-बत्तीस वर्षं त्या हातावर भाकरी देतेय. बोट ओळखणार नाही होय मी?"

"कधी कळलं?"

"टोपली उचलली तेव्हाच."

मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा आला, त्यामुळे तो राग आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. "मग मला कशाला विचारलंस? आत्यासमोर, सगळ्यांसमोर?"

आईने देठ मोडले. "तू दहा दिवस तोंड उघडलं नव्हतंस. लहानपणापासून बघतेय, काहीही होऊ दे, चूक दिसली की तू बोलणार. तापाने फणफणली असशील तरी बोलणार. मला वाटलं, निदान ही चूक तरी काढशील. ओरडशील बाबांवर. काय हा खुळेपणा म्हणशील. म्हणजे कळलं असतं की आहेस तू अजून."

"आणि आत्या?"

"आत्याचं काय मोठं? तिची समजूत मी घातली असती." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू म्हणालीस, पाखराचं. तेव्हा मला भीती वाटली. म्हटलं, एक गेला तो गेलाच, हीसुद्धा गेली."

मला रडू आलं. वर्षभर ज्याची सगळे वाट बघत होते ते असं, मेथीच्या ढिगासमोर, घामेजलेल्या दुपारी आलं. मला भयंकर दुखत होतं. तो नव्हता, आणि तो नव्हता हे मला त्या क्षणी कळत होतं, जसं ते आदल्या श्रावणात सकाळी साडेनऊला कळायला हवं होतं. आईने जवळ घेतलं नाही. ती तशीच बसून राहिली, एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून.

"काढ," ती म्हणाली. "आता तरी काढ."

मी हुंदके देत चुका काढल्या. पाऊल एकच कसं असेल, म्हटलं. आधीचं कुठाय, नंतरचं कुठाय? टोपलीच्या आत ते आलं कुठून? भार सगळीकडे सारखा कसा? नखं कुठायत? एक बोट अर्धं, असलं पाखरू कुठे असतं? आणि मागचं बोट! पाखराला मागे एक बोट असतं, ते कुठंय? मी मोठ्याने बोलत होते, शेजारी ऐकू गेलं असेल. आई प्रत्येक चुकीला मान हलवत होती.

बाहेरच्या खोलीत पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात समोर धरला होता आणि ते आपल्याच बोटांकडे बघत होते.

"पाखराला मागे बोट असतं होय?" त्यांनी विचारलं.

"असतं," मी म्हटलं.

"मग अंगठा टेकवला असता," बाबा म्हणाले.